प्राणहितेकाठचा महाकाय आणि उत्क्रांतीचा धडा

भारतीय नियोजनाचा इतिहास शिकवताना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्याची आखणी झाली. नमुना पाहणीचे शास्त्र या देशात रुजले, तेही मुख्यतः याच संस्थेमुळे. अवजड उद्योग, भांडवली गुंतवणूक आणि राष्ट्रीय उत्पन्न यांच्या आकडेमोडीसाठी ख्यातकीर्त असलेल्या या संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात एका अजस्र डायनासोरचा सांगाडा उभा आहे, ही गोष्ट मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर अध्यापकांनाही, सहसा ठाऊक नसते. हा प्राणी कोणत्या परदेशातला नव्हे. आपल्या गडचिरोली जिल्ह्याची सीमा होऊन वाहणाऱ्या प्राणहिता नदीच्या खोऱ्यातला तो रहिवासी. बारापासॉरस टागोरी हे त्याचे शास्त्रीय नाव. पृथ्वीच्या पाठीवर जे आद्य महाकाय शाकाहारी डायनासोर होऊन गेले, त्यांपैकी ज्यांच्या देहरचनेची बऱ्यापैकी पूर्ण माहिती उपलब्ध आहे अशा मोजक्या प्राण्यांत त्याची गणना होते.

या प्राण्याची ओळख करून घेण्याचे प्रयोजन निव्वळ कुतूहल हे नव्हे. उत्क्रांतीचा सिद्धांत शाळकरी मुलांच्या पुस्तकात असावा की नसावा, असा वाद ज्या देशात २०२३ साली उभा राहिला, त्याच देशाच्या भूमीत उत्क्रांतीचा इतका बोलका पुरावा पडून असावा आणि त्याची वार्ताही सुशिक्षितांपर्यंत पोहोचलेली नसावी, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

नियोजनकारांच्या संस्थेतील हाडे

सांख्यिकी संस्थेचा आणि डायनासोरचा संबंध कसा आला, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महालनोबीस यांची ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी विषयांच्या कुंपणांत मावणारी नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन १९५७ साली त्यांच्या निमंत्रणावरून भारतात आल्या आणि संस्थेत भूविज्ञानाचे संशोधन सुरू झाले. दुसरी पंचवार्षिक योजना ऐन भरात असताना, परकीय चलनाची चणचण जाणवू लागलेली असताना, ज्यातून एका पैशाचेही उत्पन्न संभवत नाही अशा कामाला या राष्ट्रीय संस्थेने थारा दिला, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

संशोधकांनी प्राणहिता-गोदावरीचे खोरे निवडले त्याला कारण होते. नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच नागपूर प्रदेशातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केलेला होता. सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावाच्या नावाने ओळखला जाणारा भूस्तर तेव्हापासून जाणकारांच्या परिचयाचा झाला. याच कोटा स्तरात, प्राणहितेच्या पलीकडच्या तीरावर, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावाजवळ मोठमोठी हाडे सापडू लागली. मुख्य उत्खननाला आरंभ झाला ते १९६१ हे वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे. म्हणून प्राण्याच्या नावात ‘टागोरी’ हे पद आले. नावाच्या पूर्वार्धाने मात्र मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. हा प्राणी बारा पायांचा नव्हे. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचे हाड सुमारे १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांहून अधिक लांबीचे आहे. सर्वसाधारण माणसाच्या उंचीएवढे एक हाड ज्याने मातीतून वर येताना पाहिले असेल, त्याला दुसरे नाव कसे सुचावे?

किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडे तेथे मिळाली. त्यांच्याबरोबर मोठ्या वृक्षांचे बुंधेही गाडले गेलेले होते. त्यावरून एखाद्या महापुरात हा कळप सापडला असावा, असे अनुमान करण्यात आले आहे. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधरी आणि शंकर चॅटर्जी या चौघांनी १९७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या प्राण्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या प्रत्येक हाडाची तपशीलवार चिकित्सा करणारा प्रबंध पुढे २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या कुदळीपासून या प्रबंधापर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. ज्ञानाचे पीक पंचवार्षिक नसते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

अर्धे नवे, अर्धे जुने

आता मुख्य प्रश्न. उत्क्रांतीच्या दृष्टीने या प्राण्याचे महत्त्व कशात आहे?

लांबलचक मान, इवलेसे डोके, खांबासारखे चार पाय आणि भली मोठी शेपटी असे जे डायनासोर चित्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांना सॉरोपॉड म्हणतात. ब्रॅकिओसॉरस, डिप्लोडोकस हे त्यांतले प्रसिद्ध. भूमीवर वावरलेल्या प्राण्यांत यांच्याएवढा देह दुसऱ्या कोणाचा झाला नाही. परंतु हे महाकाय एकाएकी अवतरले नाहीत. त्यांच्या कुळाचे सर्वांत जुने ज्ञात सभासद सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ते आकाराने लहान होते आणि दोन पायांवर चालत. ब्राझीलमध्ये सापडलेल्या आणि २०१६ साली नाव दिल्या गेलेल्या ब्युरिओलेस्टिस या प्राण्याचे दात तर चक्क मांसाहाऱ्याचे आहेत. जगातील सर्वांत मोठ्या शाकाहाऱ्यांच्या कुळाचा आरंभ असा झाला. त्यानंतरच्या टप्प्यावर जर्मनीतला प्लेटिओसॉरस दिसतो. त्याचे वर्णन १८३७ सालीच झालेले आहे. तो वनस्पती खाणारा आणि मान लांबलेला होता. मात्र तोही मागच्या दोन पायांवर चालणारा, पुढच्या पायांचा हातासारखा उपयोग करणारा.

हा दोन पायांचा प्राणी आणि पुढचा चार खांबांवर उभा असलेला महाकाय यांच्यामधल्या अंतरात बारापासॉरस उभा आहे. त्याचा काळ सर्वसाधारणपणे पूर्व ज्युरासिक मानला जातो, म्हणजे आजपासून अठरा कोटी वर्षांच्या आसपासचा. काही अभ्यासक तो थोडा अलीकडे ओढतात. लांबी सुमारे १४ मीटर. त्याच्या देहाचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला नवे आणि मागील बाकीत जुने, अशी सरळ विभागणी करता येते. पाय पूर्णपणे नव्या वळणाचे आहेत. मांडीचे हाड सरळ, खांबासारखे, देहाचा भार थेट जमिनीवर उतरवणारे. धावण्यासाठी लागणारे स्नायू ज्या उंचवट्याला जोडलेले असतात, तो उंचवटा लहान झालेला. कमरेचे चार मणके एकमेकांशी सांधले गेलेले, तर प्लेटिओसॉरससारख्या पूर्वसूरींत ते तीनच असत. भार वाढला, म्हणून आधार वाढला.

पण पाठीचे मणके पाहावेत तर निराळी हकीकत दिसते. पुढच्या काळातील सॉरोपॉडांचे मणके आतून खोल पोखरलेले असत. त्या पोकळ्यांत श्वसनसंस्थेच्या हवेच्या पिशव्या शिरलेल्या असल्यामुळे एवढी लांब मान आणि पाठ वजनाला हलकी राही. आजच्या पक्ष्यांच्या हाडांत हीच योजना आढळते. बारापासॉरसच्या मणक्यांच्या बाजूंना खोल पोकळ्यांऐवजी उथळ खोलगट भाग आहेत. काम सुरू झालेले आहे, पुरे झालेले नाही. दातांचेही तसेच. ते चमच्यासारखे रुंद झालेले आहेत, हा नवेपणा. परंतु त्यांच्या कडांवर करवतीसारखे भरड दाते शिल्लक आहेत, ही जुनी मिरास. त्याची कवटी मिळालेली नाही, केवळ थोडे दात हाती लागले आहेत. पण तेवढ्या दातांनीही पुरेशी साक्ष दिली आहे.

उत्क्रांतीवर आक्षेप घेणारे पुष्कळदा विचारतात, की अर्धवट बदललेला प्राणी जगेल कसा? त्याला बारापासॉरस हे रोकडे उत्तर आहे. तो ‘अर्धवट’ नव्हता. आपल्या काळात, आपल्या अरण्यात तो कळपाने सुखाने जगत होता. देहाचे सगळे भाग एकाच वेगाने बदलत नाहीत. पाय आधी बदलले, पाठ मागाहून बदलली, दात त्याहून सावकाश. मोठे परिवर्तन हप्त्याहप्त्याने होते आणि प्रत्येक हप्ता स्वतःच्या पायावर उभा असतो.

एका खोऱ्याची खातेवही

डार्विनने १८५९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा भूस्तरांतील नोंदी किती अपुऱ्या आहेत, याची कबुली देण्यासाठी त्याने एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले होते. पाने फाटलेली, प्रकरणे गहाळ झालेली अशी ही पोथी आहे, हे त्याला ठाऊक होते. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याचे थोरपण असे, की तेथे या पोथीची बरीच पाने क्रमाने लागतात. सर्वांत खालच्या मालेरी स्तरात नंबालिया आणि जकलापल्लीसॉरस हे या कुळाचे जुने सभासद आहेत. त्यांना २०११ साली नावे मिळाली. त्यावरच्या धर्माराम स्तरात लॅम्प्लुगसॉरा आहे. त्याचे वर्णन २००७ सालचे. त्याच्याही वर कोटा स्तर आणि त्यात बारापासॉरस. याच स्तरातील यामनपल्ली येथून १९८८ साली आणखी एका आद्य सॉरोपॉडचे, कोटासॉरसचे, वर्णन झाले. तो बारापासॉरसहून लहान आणि रचनेने अधिक जुन्या वळणाचा आहे. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो.

ही कथा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात येते. डोंगरगाव येथे मिळालेल्या, डायनासोर युगाच्या अखेरच्या पर्वातील एका सॉरोपॉडचे वर्णन १९९७ साली झाले आणि २००३ साली त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. त्यातील पहिली अक्षरे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली आहेत. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथे या महाकायांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ साली दाखवण्यात आले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, या रूढ समजुतीला धक्का बसला. सर्वांत जुन्या सभासदापासून शेवटच्यापर्यंत सुमारे पंधरा कोटी वर्षांचा हा ताळेबंद महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमाभागात, एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत, मांडून ठेवलेला आहे.

शिडी नव्हे, वंशवृक्ष

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. वर दिलेल्या क्रमावरून कोणी अशी समजूत करून घेईल, की एकापासून दुसरा आणि दुसऱ्यापासून तिसरा अशी ही सरळ शिडी आहे. तसे नाही. बारापासॉरस हा ब्रॅकिओसॉरसचा खापरपणजोबा ठरत नाही. फार तर चुलत खापरपणजोबा म्हणता येईल. मूळ पुरुष हाती लागला नसला, तरी त्याच्या सख्ख्या भावाचा चेहरा पाहून घराण्याची ठेवण कळते. त्या अर्थाने हा प्राणी मोलाचा आहे.

शिवाय महाकाय होण्याचा मार्गही एकच नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील लेडुमहाडी हा प्राणी २०१८ साली उजेडात आला. त्याचे वजन बारा टनांच्या घरात होते, तरीही त्याचे पाय खांबासारखे सरळ झालेले नव्हते. त्याची वाट पुढे खुंटली. खांबाच्या पायांची वाट टिकली आणि तिने पुढे प्रचंड देह पेलले. निसर्गाच्या कारभारात पूर्वनियोजित आराखडा नसतो. असतात ते अनेक प्रयोग आणि त्यांची निष्ठुर छाननी. आराखड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींना ही गोष्ट पचायला जरा जड जाते. परंतु मोठ्या आकाराचे अर्थशास्त्र मात्र आम्हाला लवकर समजते. देह मोठा असला की वजनाच्या प्रमाणात अन्नाची गरज कमी पडते. न चावता गिळल्याने जबड्याचा आणि डोक्याचा खर्च वाचतो. डोके लहान म्हणून मान लांब होऊ शकते. मान लांब म्हणून एका जागी उभे राहून पुष्कळ पाला खाता येतो. आणि मोठ्या पोटात निकृष्ट चाराही सावकाश मुरून पचतो. एका काटकसरीने दुसरीला वाट करून दिली, असे हे गणित आहे.

वर्गाबाहेर राहिलेला धडा

हे सर्व विवेचन वर्तमानपत्रातून करण्याची गरज का पडावी? २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. महामारीच्या काळात विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या निमित्ताने झालेली ही काटछाट होती. देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्रक काढून तिचा निषेध केला. त्यावर, बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे समर्थन करण्यात आले.

हे समर्थन आमच्यासारख्यांना मान्य होण्यासारखे नाही. वाणिज्य आणि कला शाखांच्या वर्गांत शिकवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे, की त्याच्यासमोर बसलेल्या मुलामुलींचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच संपलेला असतो. उद्याचे कारकून, बँकांतील अधिकारी, शिक्षक, वकील, पुढारी याच बाकांवरून उठून जातात. विज्ञान शाखेतही गणित घेऊन जीवशास्त्र सोडणारे थोडे नसतात. तेव्हा दहावीतून जे गेले, ते बहुसंख्य नागरिकांच्या आयुष्यातून गेले. आपण मनुष्यप्राणी या सृष्टीत कोठून आलो, इतर जीवांशी आपले नाते काय, औषधांना न जुमानणारे जंतू कसे निर्माण होतात, हे समजण्याची किल्ली ज्याला दिली नाही, त्याला आपण सुशिक्षित कोणत्या तोंडाने म्हणणार?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि पुढे पुस्तके कितीही बदलली तरी ती टिकली पाहिजे. मात्र प्रकरण असणे वेगळे आणि ते मनात उतरणे वेगळे. जिराफाची मान आणि परदेशी बेटांवरील पक्षी यांचीच उदाहरणे घोकून परीक्षा देणाऱ्या मुलाला उत्क्रांती ही कोठेतरी दूर, दुसऱ्यांच्या देशात घडलेली घटना वाटते. त्याऐवजी सिरोंच्याजवळचा बारापासॉरस, डोंगरगावचा इसिसॉरस आणि पिसदुऱ्याचे गवत यांची नावे त्याच्या कानांवर पडली, तर हाच विषय घरचा होईल. यासाठी नवा निधी लागत नाही, आयोगही लागत नाही. पुस्तकातील दोन पाने आणि शिक्षकाची थोडी आस्था पुरेशी आहे.

दुसरी जबाबदारी या स्थळांच्या रक्षणाची. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनखात्याचे जीवाश्म उद्यान आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला होता. परंतु किल्ल्याचा दगड हलला तर आरडाओरड करणारे गाव जीवाश्माचा दगड कुंपणाला लावते, यात गावाचा दोष नाही; त्याला त्या दगडाचे मोल कोणी सांगितलेच नाही. कायद्याचा पहारा ज्ञानाच्या पहाऱ्यावाचून चालत नाही. ज्या मुलांनी शाळेत बारापासॉरस शिकलेला असेल, तीच मुले उद्या त्या माळावरची राखण करतील. म्हणून हे दोन प्रश्न वास्तविक एकच आहेत.

सत्तर वर्षांपूर्वी एका गरीब देशाने, पोलाद आणि धरणे यांच्या चिंतेत असतानाही, नदीकाठच्या हाडांसाठी माणसे आणि वेळ काढून ठेवला. त्या उदारतेचे फळ आज आपल्या हाती आहे. त्या पिढीला दूरदृष्टीची म्हणायचे आणि आपण मात्र पाठ्यपुस्तकातील दोन पानांचा ‘भार’ मोजत बसायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणारा नाही.